पाटी पुसण्यापूर्वीं

गेल्या अंकांत आम्हीं जुन्या पोथ्यांस कसर लागूं नये म्हणून घरच्या घरीं काय करावें, याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, “पोथ्या जपण्याची विद्या आपण सांगितलीत, परंतु हल्लीं घरांतील सारें लिखाण संगणकांत असतें. तो संगणकच एके दिवशीं उठेनासा झाला, तर काय करावें?” प्रश्न मार्मिक आहे. योगायोग असा कीं, नेमका हाच प्रसंग गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं गुदरला. तो वृत्तांत, व त्यापासून आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, आज वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम आमच्या अधिकाराविषयीं. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढें सारा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेला. यंत्रविद्येंत आमचा अधिकार नाहीं. परंतु चूक कशी शोधावी, हा विचार कोणा एका विद्येच्या मालकीचा नव्हे. तेवढ्याच आधारावर आम्ही लिहीत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा एंजिनिअरिंग कॉलेजांत दुसऱ्या वर्षास आहे. त्यानें घरचा संगणक लिनक्सवर चालविला आहे. 1991 सालीं फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाच्या लायनस टॉरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें या लिनक्सचा आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1983 सालीं घोषित केलेल्या ग्नू या उपक्रमांतील साधनें त्यास जोडून लोक तो वापरूं लागले. बहुतेक जण त्याचा तयार गठ्ठा उतरवून घेतात. आमच्या चिरंजीवांस तें पसंत नव्हतें. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ नांवाचें एक पुस्तक आहे. गेरार्ड बीकमन्स यांनीं 1999 सालीं त्याचा प्रारंभ केला, व तें कोणासही विनामूल्य वाचतां येतें. संगणकाची सारी व्यवस्था मूळ मजकुरापासून, एक एक भाग आपल्या हातीं घडवून, कशी उभी करावी हें त्यांत सांगितलें आहे. बाजारांतून लोणच्याची बरणी आणणें निराळें, आणि कैरी फोडण्यापासून लोणचें घरीं घालणें निराळें. तसाच हा भेद आहे. घरच्या लोणच्याची गोडी अधिक खरी, परंतु मीठ घालावयाचें राहिलें तर दोष दुसऱ्या कोणास देतां येत नाहीं.

चिरंजीवांचें तें लोणचें वर्षभर उत्तम टिकलें. त्याच यंत्रावर आम्हीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहून काढला. सात पिढ्यांचीं नांवें, लग्नसंबंध, कोण कोणत्या सालीं कोठें जाऊन राहिलें, हें सारें मातोश्रींनीं व आमच्या थोरल्या आत्याबाईंनीं तोंडीं सांगितलें, आणि आम्हीं टंकलिखित केलें. मातोश्री आज सत्याऐंशीच्या आहेत. आत्याबाई गेल्या चैत्रांत निवर्तल्या. त्यांनीं सांगितलेला भाग दुसऱ्या कोणाच्याही स्मरणांत नाहीं.

दिवाळींत चिरंजीवांनीं नवी, जलद डिस्क आणली. हिला एनव्हीएमई असें म्हणतात. बोटभर पट्टी असते व ती थेट मदरबोर्डावर बसते. जुन्या डिस्कवरील सर्व कांहीं त्यांनीं नव्या डिस्कवर उतरविलें. मग उत्साहाच्या भरांत, नवी व्यवस्था चालते कीं नाहीं हें पाहण्याच्या आधींच, जुनी डिस्क पुसून रिकामी केली. त्यानंतर यंत्र सुरू केलें. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धांवल्या आणि एकाएकीं थांबल्या.

रात्रीं जेवणें झाल्यावर तो आमच्याकडे आला व म्हणाला, “काका, संगणक बूट होत नाहीं.” मातोश्री शेजारींच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “होत नसेल तर एक नंबर मोठा आण. आतां तुझा पाय वाढायचा.” आम्ही हंसलों, परंतु मुलगा हंसला नाहीं. तेव्हां आमच्या ध्यानीं आलें कीं, प्रकरण गंभीर आहे.

या बूट शब्दाचा पायांतल्या बुटाशीं संबंध आहेच. बुटास मागें ओढावयाची पट्टी असते. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःस वर उचलावें, अशी एक अशक्य गोष्टीची कल्पना इंग्रजींत आहे. यंत्र सुरू करतांना त्याची स्मृति कोरी असते. आज्ञावली स्मृतींत आणावयाची तर त्याकरितांही आज्ञावलीच लागते. हा पेंच सोडविण्याच्या क्रियेस म्हणून बूट हें नांव पडलें.

“आतां काय करणार?” आम्हीं विचारलें.

“सगळें पुसून टाकतों आणि पहिल्यापासून उभारतों. नाहीं तर तयार गठ्ठा घालतों. मला हें जमणारें नाहीं.”

“आणि कुलवृत्तांत?”

तो कांहीं बोलला नाहीं. कुलवृत्तांत आतां फक्त त्या नव्या डिस्कवर होता, हें त्यास त्याच क्षणीं उमगलें असावें. आम्हीं त्यास खालीं बसविलें, वही-पेन्सिल हातीं दिली आणि म्हटलें, “कांहीं पुसूं नकोस. पडद्यावर शेवटीं काय उमटलें आहे, तें अक्षरशः उतरून आण. आणि त्याच्या आधीं कोणकोणत्या गोष्टी बरोबर झाल्या, तेंही लिही.”

येथें वाचकांस यंत्राच्या जागें होण्याचा क्रम सांगणें अवश्य आहे. तो एका उडीचा नसतो. एकत्र कुटुंबांत पहाट कशी होते तें पाहावें. मातोश्री प्रथम उठतात व वहिनींस हांक मारतात. वहिनी आधण ठेवतात व मुलांस उठवितात. प्रत्येक जण पुढच्यास जागें करतो व आपण बाजूस होतो. यंत्राचेंही तसेंच आहे. त्यांत पांच जण आहेत.

पहिला फर्मवेअर. तो मदरबोर्डावरच वसलेला असतो. पूर्वीं त्यास बायॉस म्हणत. हल्लींच्या यंत्रांत यूईएफआय असतो. तो स्मृति, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो व डिस्कवरील एका ठराविक लहान कप्प्यांतून दुसऱ्यास उठवितो. दुसरा ग्रब. याचें काम यादी दाखविणें, व आपण निवडूं तो कर्नेल डिस्कवरून उचलून स्मृतींत नेऊन ठेवणें. जातांना तो कर्नेलाच्या हातीं एक ओळीची चिठ्ठी देतो कीं, तुझें मूळ घर अमुक कप्प्यांत आहे. तिसरा कर्नेल, म्हणजे साऱ्या व्यवस्थेचा गाभा. तो यंत्राचीं अंगें ओळखून ताब्यांत घेतो व चिठ्ठींत सांगितलेला मूळ कप्पा उघडतो. या कप्प्यास रूट म्हणतात. चौथा इनिट. कर्नेल यास मूळ कप्प्यांतून उठवितो. साऱ्या चालत्या कामांत याचा क्रमांक 1 असतो. पांचवीं तीं इनिटच्या हाताखालचीं लहान लहान आज्ञापत्रें. ‘एफएसटॅब’ नांवाच्या यादींत पाहून तीं उरलेले कप्पे तपासतात व जोडतात, घड्याळ लावतात, आणि शेवटीं आपलें नांव विचारणारी ओळ पडद्यावर येते.

आतां शोधाचें मुख्य सूत्र सांगतों. शेवटीं कोण बोललें तें पाहावें. जो बोलला तो जागा झाला होता. आणि त्यास जागें करणारे सर्व आपापलें काम करून गेले होते. दोष असावयाचा तो बहुधा त्याच्या व पुढच्याच्या मधल्या उंबरठ्यावर. मागच्यांस उगीच छळूं नये, आणि पुढच्यांचा विचार तूर्त करूं नये.

फर्मवेअरच ‘डिस्क सांपडत नाहीं’ म्हणून आपल्या मांडणीच्या पडद्यावर परत आला, तर ग्रब योग्य जागीं बसलेला नाहीं. यूईएफआय ज्या लहान कप्प्यांत ग्रब शोधतो, तो कप्पा फॅट पद्धतीनें आंखलेला लागतो. किंवा ग्रब जुन्या बायॉस पद्धतीनें बसविलेला असतो, व यंत्र नव्या पद्धतीनें उठूं पाहतें. क्वचित् सिक्युअर बूट नांवाचा पहारा चालू असतो, व सहीशिक्क्यावांचूनचा घरगुती पाहुणा तो दारांतूनच परतवितो.

पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेंच आलें, तर ग्रब उठला आहे, परंतु त्यास स्वतःच्या सामानाची खोली सांपडत नाहीं. कप्प्यांचे क्रमांक बदलले कीं असें होतें. तेथें ‘एलएस’ लिहून कप्प्यांचीं नांवें पाहावीं, योग्य तो कप्पा त्यास दाखवावा, म्हणजे तो मार्गीं लागतो. नुसतें ‘ग्रब’ असें आलें व यादी आली नाहीं, तर सामान सांपडलें, यादीचा कागद मात्र हरवला आहे. कर्नेलाच्या ओळी धांवून ‘पॅनिक’ या शब्दापाशीं थांबल्या, तर गोष्ट तिसऱ्यापर्यंत आली. ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ असें आलें, तर मूळ कप्पा उघडला आहे, परंतु इनिट जागेवर नाहीं, किंवा तो ज्या सामाईक ग्रंथालयांवर विसंबून आहे तीं तेथें नाहींत. आणि पडदा काळा, परंतु कॅप्स लॉकची कळ दाबली असतां तिचा दिवा लागतो व विझतो, असें असेल, तर यंत्र बहुधा जिवंत आहे. कर्नेल घडवितांना पडद्याची सोय तेवढी राहून गेली असेल. अशा यंत्रास मृत समजून पुसणें म्हणजे निजलेल्यास स्मशानांत नेण्यासारखें आहे.

चिरंजीवांनीं वही आणली. त्यांत लिहिलें होतें: ‘व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)’. म्हणजे, मूळ कप्पा उघडतां येत नाहीं. ग्रबची यादी नीट आली होती, कर्नेल स्मृतींत आला होता, व त्याच्या कांहींशें ओळी उमटल्या होत्या. या शेवटच्या वाक्याच्या वरच, कर्नेलास ज्या डिस्का दिसत होत्या त्यांची यादी होती. तींत जुन्या, पुसलेल्या डिस्कचें नांव होतें. नव्या डिस्कचें नव्हतें.

कंसांतील दोन अंकांचा अर्थ त्यानें पुस्तकांत पाहून सांगितला. पहिला अंक साधनाची जात सांगतो. दुसरा त्या जातींतील नेमकें साधन किंवा कप्पा. तेथें समजा (8,2) असे अंक असते, तर डिस्क व कप्पा दिसले, परंतु आंतील लिपि कर्नेलास वाचतां आली नाहीं, म्हणजे कप्पा ज्या फाइल-पद्धतीनें आंखला आहे तिचें ज्ञान कर्नेलांत घातलेलें नाहीं, असा तर्क केला असता. (0,0) याचा अर्थ असा कीं, चिठ्ठींत सांगितलेलें साधन कर्नेलास ओळखतांच आलें नाहीं. एकतर चिठ्ठींतील नांव चुकलें असेल, नाहीं तर डिस्क ओळखण्याचें ज्ञान कर्नेलापाशीं नसेल. यादींत नवी डिस्कच नव्हती. तेव्हां दुसरा पक्ष बलवान् ठरला.

यावर मुलानें आक्षेप घेतला, आणि तो उत्तम होता. “काका, कर्नेल त्याच डिस्कवरून उचलला गेला. मग त्यास ती डिस्क दिसत नाहीं, हें कसें?”

आम्हांसही क्षणभर उत्तर सुचेना. मग दोघांनीं मिळून विचार केला. कर्नेल उचलला तो ग्रबनें, आणि ग्रबनें डिस्क वाचली ती फर्मवेअरच्या डोळ्यांनीं. कर्नेल जागा झाल्यावर तो फर्मवेअरचे डोळे उसने घेत नाहीं. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. डिस्कच्या प्रत्येक जातीकरितां त्यास ड्रायव्हर नांवाची दृष्टि लागते. झोपलेल्या मुलास आईनें कडेवर घेऊन दुसऱ्या घरीं आणलें, म्हणून जागें झाल्यावर त्यास त्या घराची वाट ठाऊक असते असें नाहीं.

तर्क झाला, आतां प्रमाण हवें. न्यायशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक यांची जोडी सांगितली आहे. कारण असतां कार्य असतें, आणि कारण नसतां कार्य नसतें, हें दोन्ही बाजूंनीं दिसलें पाहिजे. चिरंजीवांपाशीं एका तयार लिनक्सचा पेनड्राइव्ह होता. त्यावरून तेंच यंत्र सुरू केलें. यंत्र तेंच, डिस्क तीच, कर्नेल तेवढा दुसरा. आणि नवी डिस्क लख्ख दिसली. डिस्क निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष. दोष आपल्या कर्नेलांत. एका वेळीं एकच गोष्ट बदलली, म्हणून हा निर्णय मिळाला. दोन बदलल्या असत्या तर श्रेय कोणास व दोष कोणास, हें कळलें नसतें.

डिस्क दिसली, परंतु आम्हीं लगेच दुरुस्ती करूं दिली नाहीं. पहिलें काम दुरुस्ती नव्हे, रक्षण. घरचा कप्पा केवळ वाचण्यापुरता, लिहिण्याची मनाई करून, उघडला, आणि कुलवृत्तांत दोन निरनिराळ्या पेनड्राइव्हवर उतरून घेतला. तेव्हां रात्रीचे साडेअकरा झाले होते. त्या वेळीं मुलाच्या चेहऱ्यावर जो फरक पडला, तो पुढें यंत्र सुरू झाल्यावरही पडला नाहीं.

मग कर्नेल घडवितांना दिलेल्या उत्तरांची फाइल काढली. तेथें प्रत्येक अंगाविषयीं प्रश्न असतो व बऱ्याच प्रश्नांस तीन उत्तरें देतां येतात: पोटांत घ्या, निराळें ठेवा, किंवा नको. निराळें ठेवलेल्या भागास मॉड्यूल म्हणतात. लागेल तेव्हां तें डिस्कवरून उचलावयाचें. एनव्हीएमई डिस्कच्या ड्रायव्हरपुढें निराळें ठेवा, असें उत्तर होतें. म्हणजे डिस्क वाचण्याची विद्या होती, परंतु ती त्याच डिस्कवर ठेविलेली होती. पेटीची किल्ली पेटींत ठेवून पेटीस कुलूप घातलें! यास आमच्या शास्त्रांत अन्योन्याश्रय दोष म्हणतात. मॉड्यूल मिळाल्यावांचून डिस्क वाचतां येत नाहीं, व डिस्क वाचल्यावांचून मॉड्यूल मिळत नाहीं. आश्चर्य असें कीं, ही चूक वर्षापूर्वींची होती. जुन्या डिस्कची जात निराळी, व तिचा ड्रायव्हर कर्नेलाच्या पोटांत होता. म्हणून चूक वर्षभर निजून राहिली. दोष ज्या दिवशीं दिसतो त्याच दिवशीं जन्मतो असें नव्हे.

उपाय दोन आहेत. ड्रायव्हर पोटांत घेऊन कर्नेल पुन्हां घडवावा, हा एक. किंवा आवश्यक तीं मॉड्यूलें एका लहान गाठोड्यांत बांधून ग्रबच्या हातीं द्यावीं, व तें गाठोडें त्यानें कर्नेलाबरोबरच स्मृतींत ठेवावें, हा दुसरा. या गाठोड्यास इनिट्रॅमएफएस म्हणतात. बहुतेक तयार गठ्ठ्यांची रीत हीच. आम्हीं पहिला स्वीकारला. तसेंच चिठ्ठींतील एक बारकावा वाचकांनीं ध्यानीं ठेवावा. कप्प्यांचीं नांवें बदलूं शकतात, म्हणून कित्येक जण नांवाऐवजीं यूयूआयडी नांवाचा लांबलचक ओळख-क्रमांक लिहितात. गाठोडें नसतां कर्नेलास तो समजत नाहीं. त्यास पार्टयूयूआयडी, म्हणजे कप्प्याचा स्वतःचा क्रमांक, द्यावा लागतो.

दुरुस्तीची रीत आम्हांस फार आवडली. पेनड्राइव्हवरील व्यवस्था जागी असतां, निजलेल्या व्यवस्थेचा मूळ कप्पा जोडावयाचा. साधनांचे व चालू कामांचे चार मार्ग, म्हणजे ‘देव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ व ‘रन’, तिला उसने द्यावयाचे. आणि ‘सीएच-रूट’ या आज्ञेनें तिच्यांत प्रवेश करावयाचा. देह एकाचा, प्राण दुसऱ्याचा. आमच्या जुन्या कथांतून यास परकायाप्रवेश म्हटलें आहे. तेथें शिरून चिरंजीवांनीं तें एकच उत्तर बदललें, कर्नेल घडविला, आणि जुना न पुसतां नवा निराळ्या नांवानें शेजारीं ठेवून ग्रबच्या यादींत दोन्ही नांवें घातलीं.

यंत्र पुन्हां सुरू केलें. ओळी धांवल्या, मूळ कप्पा उघडला, इनिट उठला. आणि पुन्हां सारें थांबलें. या वेळीं मोठ्या अक्षरांची ताकीद आली कीं, फाइल-पद्धतींत आपोआप दुरुस्त न होणारे दोष आहेत, यंत्र बंद करण्यांत येत आहे. मुलगा कपाळास हात लावून म्हणाला, “संपलें. डिस्कच बिघडली.”

आम्हीं म्हटलें, “अरे, मघाशीं तिसरा थांबला होता. आतां पांचवा थांबला आहे. ही पीछेहाट नव्हे, दोन पावलें पुढें आलों. ती ताकीद राहूं दे. तिच्या वरची पहिली वांकडी ओळ वाच.”

ती ओळ साधी होती. तपासावयास सांगितलेला अमुक कप्पा अस्तित्वांतच नाहीं, एवढेंच तींत होतें. एफएसटॅब यादींत मूळ कप्प्याचें नांव त्यानें बदललें होतें, परंतु घरच्या कप्प्यापुढें जुन्या डिस्कच्या तिसऱ्या कप्प्याचें नांव तसेंच राहिलें होतें; आणि जुनी डिस्क पुसतांना तो कप्पा नाहींसा झाला होता. तपासणी करणाऱ्यानें नसलेल्या कप्प्याविषयीं दोष नोंदविला, आणि वरच्या अधिकाऱ्यानें तो दोष डिस्कच्या आजाराचा समजून मोठी आरोळी ठोकली. कचेऱ्यांतून असें नेहमीं घडतें. म्हणून दुसरें सूत्र हें: सर्वांत मोठी ओळ वाचूं नये, सर्वांत पहिली चुकलेली ओळ वाचावी. पुन्हां परकायाप्रवेश करून नांव सुधारलें. रात्रीं दीड वाजतां पडद्यावर नांव विचारणारी ओळ आली.

आतां वाचकभगिनींकरितां थोडक्यांत व्यवहाराच्या गोष्टी. नवें चालूं लागेपर्यंत जुनें पुसूं नये, हें अगोदर. आमच्या घरीं सारा अनर्थ येथूनच सुरू झाला. चालत आलेला जुना कर्नेल ग्रबच्या यादींत सदैव ठेवावा. घरांत एक तयार लिनक्सचा पेनड्राइव्ह, औषधाच्या पेटींत आयोडीन असावें तसा, नेहमीं असूं द्यावा. पडद्यावरील वाक्य वहींत उतरावें, किंवा त्याचें छायाचित्र घ्यावें. आठवणीवर विसंबूं नये. ग्रबच्या चिठ्ठींत ‘क्वायट’ हा शब्द असल्यास तो काढावा, म्हणजे कर्नेल मौन सोडतो. यूएसबीवरील डिस्क उशिरा जागी होते. तिच्याकरितां ‘रूटवेट’ हा शब्द लिहावा, म्हणजे कर्नेल तिची वाट पाहतो. इनिटवर संशय असल्यास चिठ्ठींत ‘इनिट’ च्या पुढें साध्या शेलचें नांव द्यावें; त्यानें आज्ञा घेतल्या तर मूळ कप्पा ठीक आहे, एवढें निश्चित होतें. आणि प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी.

हें सर्व लिहितांना एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे, ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. नोकरीच्या प्रारंभीं आम्ही एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत होतों. तेथें गणितही आम्हांसच शिकवावें लागे. मुलाचें उत्तर चुकलें कीं, आम्ही म्हणत असूं, “पाटी पूस आणि पुन्हां मांड.” यांत शिस्त आहे अशी आमची समजूत होती. एक मुलगा एकच बेरीज तीनदां चुकला. तीनदां आम्हीं त्यास पाटी पुसावयास लाविलें, आणि तिसऱ्या वेळीं वर्गाबाहेर उभें केलें. पुढें कांहीं दिवसांनीं, सहज त्याच्या मागें उभे असतां दिसलें कीं, तो हातचा एक मिळवावयास विसरत असे. बाकी सारें बरोबर होतें. तें पाटीवर पहिल्या दिवसापासून स्पष्ट लिहिलेलें होतें. आणि आम्हीं प्रत्येक वेळीं, तें पाहण्यापूर्वींच, त्याच्याकडून पुसून घेतलें होतें.

त्या रात्रीं पुतण्यानें “सगळें पुसून टाकतों” म्हटलें, तेव्हां आम्हांस तो शब्द आपलाच वाटला. पुसण्यानें चूक जात नाहीं. चुकीचा पुरावा तेवढा जातो. वर्षापूर्वींचेंच उत्तर देऊन त्यानें नवी व्यवस्था घडविली असती, तर तीही तेथेंच थांबली असती, आणि आपणांस हें जमत नाहीं अशी त्याची खात्री मात्र झाली असती. वास्तविक शेंकडों गोष्टी त्यानें बरोबर केल्या होत्या. चुकल्या होत्या फक्त दोन, आणि दोन्ही यंत्रानें स्वतः सांगितल्या. घरांतील वडील माणसांस आमची विनंति एवढीच कीं, मूल असें कांहीं बिघडवून पुढें येईल तेव्हां, “कशाला नसत्या उठाठेवी केल्यास” असें न म्हणतां, “कोठपर्यंत बरोबर झालें” हें त्यास प्रथम विचारावें. त्यास यंत्रविद्या लागत नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं मातोश्रींनीं विचारलें, “माझ्या वन्सं सांगत होत्या तें सगळें आहे ना?” आम्हीं आत्याबाईंनीं सांगितलेलीं पानें त्यांस वाचून दाखविलीं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “कागदावरही एक प्रत काढून ठेवा रे.” ती काढली आहे, चिरंजीवांनींच छापली आणि वहिनींनीं शिवली.

पुढील अंकीं अशा छापील व हस्तलिखित पानांचीं छायाचित्रें कशीं घ्यावीं व कोठें कोठें ठेवावीं, याविषयीं लिहूं. तोंवर वाचकांनीं आपल्या घरीं तो पेनड्राइव्ह तेवढा करून ठेवावा.